घसा दुखतोय, अँटिबायोटिक घेऊ का? स्ट्रेप थ्रोट ओळखण्यामागचं गणित

(हा भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’, ‘म्हणजे’ काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावा, आवाज ॲडजस्ट करा, सुरू करूया.

दर पावसाळ्यात आणि दर थंडीत माझ्या इनबॉक्समध्ये एकच मेसेज वेगवेगळ्या नावांनी येतो: ‘दादा, घसा भयंकर दुखतोय, गिळता येत नाहीये, अझिथ्रोमायसिन घेऊ का?’ सोबत टॉर्च लावून काढलेला घशाचा फोटो. आता मी बीटेक माणूस, दिवसभर कोड लिहितो. मला घशाचा फोटो पाठवून काय उपयोग! पण प्रश्न इतक्या वेळा आला की मी तो नीट समजून घ्यायचं ठरवलं. गाईडलाइन्स वाचल्या, मूळ अभ्यास वाचले, आणि आमच्या कॉलनीतल्या फॅमिली डॉक्टरकाकांना त्यांचा दवाखाना बंद झाल्यावर तासभर पिडलं. वाचता वाचता लक्षात आलं की साधा घसा तपासताना डॉक्टर डोक्यात जे करतात ते थेट आपल्या प्रांतातलं आहे. संभाव्यता, फॉल्स पॉझिटिव्ह, फॉल्स निगेटिव्ह, सगळं त्यात आहे.

पहिलीच सूचना: मी डॉक्टर नाही. हा भाग ऐकून स्वतःवर उपचार करू नका. डॉक्टर एखादा प्रश्न का विचारतात आणि एखादं औषध का देत नाहीत, एवढं कळावं म्हणून हा भाग आहे.

स्ट्रेप म्हणजे नक्की कोण?

घसा दुखण्याची कारणं ढीगभर, पण बहुतेक वेळा कारण व्हायरस असतो. सर्दीचे व्हायरस, फ्लू, कोविड, तरुणांमध्ये एपस्टाइन-बार नावाचा व्हायरस. यांच्यावर अँटिबायोटिक शून्य काम करतं. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही. हे शाळेत शिकलोय, पण घसा दुखायला लागला की विसरतो.

बॅक्टेरियांपैकी ज्याची डॉक्टरांना खरी काळजी असते तो म्हणजे ‘ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस’. शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस. मायक्रोस्कोपखाली माळेतल्या मण्यांसारखा दिसतो. याने घसा धरला की त्याला स्ट्रेप थ्रोट म्हणतात.

प्रमाण किती? घसा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे येणाऱ्या मोठ्या माणसांमध्ये साधारण ५ ते १५ टक्के, आणि मुलांमध्ये साधारण २० ते ३० टक्के. हे आकडे मुख्यतः अमेरिकेतले आहेत, पण अंदाज येतो. म्हणजे तुमच्यासारखे पंचविशीतले दहा जण घसा धरून दवाखान्यात बसले असतील, तर त्यातल्या एखाद्यालाच स्ट्रेप असतो. उरलेल्या नऊ जणांना अँटिबायोटिकची बहुतेक वेळा गरज नसते.

आता खरा प्रश्न हा की तो एक कोण, हे ओळखायचं कसं?

नुसतं बघून का कळत नाही?

मला वाटायचं, टॉन्सिल लाल, त्यावर पांढरे ठिपके, म्हणजे झालं निदान. डॉक्टरकाका हसले. म्हणाले, “अरे, ठिपके व्हायरसनेही येतात. एपस्टाइन-बारमध्ये तर टॉन्सिल असे पांढरे होतात की बघणाऱ्याने शपथेवर सांगावं स्ट्रेप आहे म्हणून. आणि खऱ्या स्ट्रेपमध्ये कधीकधी एकही ठिपका नसतो.”

थोडक्यात, एकटं कुठलंच लक्षण पुरेसं नाही. ताप एकटा काही सांगत नाही, ठिपके एकटे सांगत नाहीत, दुखण्याची तीव्रता तर अजिबात नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक लक्षण हा एक कमकुवत सिग्नल आहे. पण तीन-चार कमकुवत सिग्नल एकत्र केले तर बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. १९८१ साली नेमकं हेच कोणीतरी करून दाखवलं.

चार प्रश्नांचा स्कोअर

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात रॉबर्ट सेंटॉर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इमर्जन्सी विभागात घसा दुखतो म्हणून आलेल्या २८६ मोठ्या माणसांची लक्षणं लिहून काढली, प्रत्येकाच्या घशातला नमुना कल्चरला पाठवला, आणि कुठल्या लक्षणांनी निकालाचा अंदाज येतो ते तपासलं. हाती राहिल्या चार गोष्टी:

१. टॉन्सिलवर पांढरा-पिवळा थर किंवा ठिपके.
२. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जबड्याखाली, सुजलेल्या आणि दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी.
३. ताप, आत्ता असलेला किंवा येऊन गेलेला.
४. खोकला नसणे.

प्रत्येकी एक गुण. चौथी गोष्ट परत वाचा. खोकला नसणे याला गुण आहे. खोकला, गळणारं नाक, बसलेला आवाज, तोंडात फोड, लाल डोळे ही व्हायरसची लक्षणं. व्हायरस नाक, घसा, श्वासनलिका असा सगळीकडे फिरतो. स्ट्रेप मात्र साधारण घशातच मुक्काम ठोकतो. म्हणून डॉक्टर जेव्हा “खोकला आहे का? नाक गळतंय का?” विचारतात तेव्हा ते गप्पा मारत नसतात, स्कोअर मोजत असतात.

आता त्या अभ्यासात स्कोअरप्रमाणे स्ट्रेप सापडण्याची शक्यता किती निघाली ते बघा:

शून्य गुण: सुमारे २.५ टक्के
एक गुण: सुमारे ६.५ टक्के
दोन गुण: सुमारे १५ टक्के
तीन गुण: सुमारे ३२ टक्के
चार गुण: सुमारे ५६ टक्के

शेवटच्या ओळीवर थांबा जरा. चारही लक्षणं आहेत, पुस्तकातलं चित्र समोर बसलंय, तरी शक्यता ५६ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी. दुसरीकडे शून्य गुण असतील तर शक्यता अडीच टक्के. म्हणजे हा स्कोअर ‘स्ट्रेप आहे’ हे सांगण्यात मध्यम आहे, पण ‘स्ट्रेप नाही’ हे सांगण्यात फार चांगला आहे. त्याचा खरा उपयोग गर्दीतून ‘यांना घरी पाठवा’ असे लोक वेगळे काढायला होतो.

पुढे १९९८ मध्ये टोरांटोच्या वॉरन मॅकआयझॅक यांनी यात वय जोडलं. ३ ते १४ वर्षं असेल तर एक गुण जास्त, १५ ते ४४ असेल तर काही नाही, ४५ च्या पुढे एक गुण वजा. कारण साधं आहे, स्ट्रेप हा मुख्यतः शाळकरी मुलांचा आजार. ब्रिटनमध्ये याच धर्तीवर ‘फीव्हरपेन’ नावाचा पाच गुणांचा स्कोअर वापरतात. त्यात दुखणं सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आत रुग्ण दवाखान्यात आला का, यालाही एक गुण आहे. मला हे फार आवडलं, कारण माणूस किती लवकर डॉक्टरकडे धावला हाही शेवटी डेटाच.

टेस्ट करूनच टाका ना!

श्रोत्यांचा पुढचा प्रश्न हाच असणार. एवढी आकडेमोड कशाला, सरळ टेस्ट करा.

टेस्ट दोन आहेत. पहिली रॅपिड अँटिजेन टेस्ट. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी केलीये तशीच, फक्त काडी नाकात न घालता घशात घालतात. दोन्ही टॉन्सिल आणि मागची भिंत घासायची, जिभेला लावायची नाही. काही मिनिटांत रेघ उमटते.

दुसरी थ्रोट कल्चर. नमुना मेंढीचं रक्त मिसळलेल्या आगर प्लेटवर लावतात. स्ट्रेप असेल तर तो आजूबाजूच्या रक्तपेशी फोडतो आणि त्याच्याभोवती प्लेट पारदर्शक होते. ही टेस्ट जास्त भरवशाची, पण निकालाला एक ते दोन दिवस लागतात.

एक महत्त्वाची गोष्ट: घरी पडलेल्या अँटिबायोटिकचे दोन डोस घेऊन मग टेस्टला गेलात तर ती टेस्ट बिघडते. बॅक्टेरिया अर्धमेले झालेले असतात, कल्चर निगेटिव्ह येतं, आणि डॉक्टरांच्या हातात काहीच राहत नाही. म्हणजे प्रॉडक्शनमध्ये बग आला आणि कोणीतरी लॉग डिलीट करून टाकले.

आता गणित. रॅपिड टेस्टची ढोबळ क्षमता धरूया: खरे स्ट्रेपवाले १०० असतील तर त्यातले ८५ पकडते, आणि स्ट्रेप नसलेले १०० असतील तर ९५ जणांना बरोबर ‘नाही’ सांगते. ऐकायला भारी वाटतं. आता ही टेस्ट दोन गटांवर चालवू.

पहिला गट: शून्य गुणवाले १००० लोक. खोकला आहे, ताप नाही, गाठी नाहीत, ठिपके नाहीत. अडीच टक्क्यांनी खरे स्ट्रेपवाले २५. टेस्ट त्यातले २१ पकडेल. उरलेल्या ९७५ जणांपैकी ५ टक्के, म्हणजे साधारण ४९ जणांना चुकून पॉझिटिव्ह सांगेल. एकूण पॉझिटिव्ह ७०, त्यातले खरे २१. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आलेल्या दहा जणांपैकी सात जणांना स्ट्रेप नाहीच. तरी सगळे अँटिबायोटिक घेणार.

दुसरा गट: चार गुणवाले १००० लोक. सोपं जावं म्हणून शक्यता ५० टक्के धरू. खरे ५००, टेस्ट पकडेल ४२५. स्ट्रेप नसलेले ५००, त्यात चुकून पॉझिटिव्ह २५. एकूण पॉझिटिव्ह ४५०, त्यातले खरे ४२५. म्हणजे ९४ टक्के.

टेस्ट तीच, मशीन तेच, रेघ तीच. पण पहिल्या गटात रिपोर्टवर विश्वास ठेवायला ३० टक्के जागा, दुसऱ्यात ९४ टक्के. फरक कुणाची टेस्ट केली याचा आहे. मशीन लर्निंग केलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल: बेस रेट विसरलात की चांगलं मॉडेलही कचरा देतं. म्हणून अमेरिकेतल्या गाईडलाइन्स स्पष्ट सांगतात, ज्याला उघडउघड व्हायरसची लक्षणं आहेत त्याची स्ट्रेप टेस्ट करूच नका.

आणि दुसऱ्या गटात निगेटिव्ह आलेल्यांचं काय? तिथे ७५ खरे रुग्ण सुटले. मोठ्या माणसांत एवढं चालवून घेतात. मुलांमध्ये मात्र तिथली गाईडलाइन म्हणते, रॅपिड निगेटिव्ह आली तर कल्चर करून खात्री करा. मुलांचा नियम कडक का, त्याकडे येतोच.

त्याआधी आणखी एक घोळ. काही मुलांच्या घशात हा बॅक्टेरिया असाच राहतो, काही त्रास न देता. यांना कॅरिअर म्हणतात. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की काहीही होत नसलेल्या दर १०० मुलांपैकी साधारण १२ जणांच्या घशात तो सापडतो. अशा मुलाला साधी व्हायरल सर्दी झाली आणि कोणी टेस्ट केली, तर ती पॉझिटिव्ह येणार. टेस्ट खोटं बोललेली नाही, बॅक्टेरिया आहेच. पण दुखण्याचं कारण तो नाही. तुम्ही ब्राउझर उघडा ठेवलाय म्हणून सर्व्हर पडला असं कोणी म्हणत नाही, तसंच हे.

मग एवढा आटापिटा कशासाठी?

आता गाभ्याकडे येऊ. स्ट्रेप थ्रोट हा बहुतेकांमध्ये काहीही न करता बरा होतो. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, घसा आठवड्याभरात. अँटिबायोटिकने त्रासाचा काळ किती कमी होतो, याचा बऱ्याच अभ्यासांवरून काढलेला अंदाज आहे सरासरी १६ तास. हो, तास. मग या बॅक्टेरियाच्या मागे एवढं का लागायचं?

कारण घसा बरा झाल्यावर पुढे जे होऊ शकतं ते. याला म्हणतात ऱ्हुमॅटिक फीव्हर, मराठीत संधिवाताचा ताप. स्ट्रेपच्या अंगावरचं एक प्रोटीन आपल्या हृदयातल्या प्रोटीनसारखं दिसतं. शरीर स्ट्रेपविरुद्ध फौज तयार करतं आणि काही जणांमध्ये तीच फौज ओळखीत गफलत करून आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालून जाते. घसा दुखून गेल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी हे सुरू होतं. मुख्यतः ५ ते १५ वयाच्या मुलांमध्ये. सांध्यांचं दुखणं जातं, हृदयाच्या झडपांचं नुकसान राहून जातं, आणि स्ट्रेप परत परत झाला की ते वाढत जातं.

माझ्या मावशीला हे झालं होतं. ती गावात वाढली. लहानपणी गुडघे सुजून ताप यायचा, मोठी माणसं म्हणायची ‘वाढीचं दुखणं’. तिसाव्या वर्षी, दुसऱ्या बाळंतपणात, जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा कळलं की झडप आकसलीये. पुढे ऑपरेशन झालं. आज ती ठणठणीत आहे, पण रक्त पातळ करण्याची गोळी आणि त्यासाठीची रक्ततपासणी जन्माची मागे लागली. हे सगळं कधीतरी लहानपणी दुखलेल्या आणि कोणाच्याही लक्षात न राहिलेल्या घशातून आलं असणार.

श्रीमंत देशांत हा आजार आता दुर्मीळ झालाय. भारतात नाही. आपल्या सरकारी हॉस्पिटलांच्या हृदयरोग विभागात अशा झडपांचे रुग्ण आजही येतात, त्यात तरुण बायका बऱ्याच. म्हणून ‘घसा काय, होईल बरा’ हे वाक्य पुण्यातल्या फ्लॅटमधल्या पंचविशीच्या माणसासाठी बऱ्यापैकी खरं असलं, तरी वस्तीतल्या एका खोलीत सहा जणांसोबत झोपणाऱ्या आठ वर्षांच्या मुलासाठी तितकं खरं नाही. गर्दीत स्ट्रेप झपाट्याने पसरतो.

अँटिबायोटिकने हे थांबतं हे कसं कळलं? १९४९-५० च्या सुमारास अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या वॉरन हवाई तळावर. बराकीत दाटीवाटीने राहणारे तरुण सैनिक, स्ट्रेपची साथ. घशावर थर असलेल्या सुमारे ८०० जणांना पेनिसिलिन दिलं, तेवढ्याच जणांना दिलं नाही. पेनिसिलिन मिळालेल्यांपैकी २ जणांना ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला, न मिळालेल्यांपैकी १७ जणांना. आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही, पण आजचे नियम त्याच आकड्यांवर उभे आहेत.

आणि यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट: घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत अँटिबायोटिक सुरू केलं तरी ऱ्हुमॅटिक फीव्हर टळतो. म्हणजे कल्चरच्या निकालासाठी दोन दिवस थांबलात तर काही बिघडत नाही. रात्री अकरा वाजता मेडिकलवाल्याला उठवायची गरज नाही.

मग सगळ्यांनाच अँटिबायोटिक का नाही देत?

नऊ जणांना उगाच दिलं तर काय होतं, ते बघू. काहींना जुलाब, काहींना ॲलर्जी. एपस्टाइन-बार असलेल्याला अमॉक्सिसिलिन दिलं तर अनेकदा अंगभर पुरळ उठतं आणि तो माणूस आयुष्यभर ‘मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे’ म्हणत फिरतो, जी बहुधा नसतेच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे रेझिस्टन्स.

इथे एक गंमत आहे. स्ट्रेपवर पहिल्या पसंतीचं औषध आजही पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन आहे. जुनं, स्वस्त. इतक्या दशकांत ग्रुप ए स्ट्रेपने पेनिसिलिनला दाद देणं थांबवलेलं नाही. पण आपल्याकडे घशासाठी तोंडावर नाव कुठलं असतं? अझिथ्रोमायसिन. तीन दिवस, तीन गोळ्या, सोपं. अझिथ्रोमायसिनला मात्र दाद न देणारे स्ट्रेप आहेत. म्हणजे बहुतेक वेळा गरज नसताना घेतो, आणि गरज असते तेव्हा ते पहिल्या पसंतीचं नसतं. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात, तो भाग वेगळा.

पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा नेहमीचा कोर्स १० दिवसांचा असतो. दोन दिवसांत बरं वाटतं आणि उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये जातात. बरं वाटणं आणि घशातून बॅक्टेरिया जाणं या दोन वेगळ्या तारखा आहेत. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या.

पुढच्या वेळी गोळ्यांचं पाकीट उलटं करून बघा. अँटिबायोटिक असेल तर मागे उभी लाल रेघ दिसेल. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, एवढाच तिचा अर्थ. २०१६ पासून सरकार हे सांगतंय.

आपल्याकडच्या दवाखान्यात काय होतं?

खरं सांगायचं तर आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात रॅपिड स्ट्रेप टेस्ट सहसा नसते. मी डॉक्टरकाकांना विचारलं, मग तुम्ही काय करता?

“टॉर्च, जीभ दाबायची काडी, आणि प्रश्न,” ते म्हणाले. “गळ्याला हात लावून गाठी बघतो. खोकला-सर्दी असेल तर तापाची गोळी, मिठाच्या गुळण्या, आणि तीन दिवसांनी ये म्हणतो. लक्षणं स्ट्रेपची असतील आणि समोर शाळेतलं पोर असेल, तर मी थांबत नाही. घरात कुणाला झडपेचा त्रास आहे का, हेही विचारतो. शंका असली तर स्वॅब लॅबला पाठवतो. पण लोकांना तीन दिवस थांबायचं नसतं रे. मी गोळी दिली नाही तर समोरच्या मेडिकलमधून घेतात.”

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. काही न देता ‘तीन दिवसांनी ये’ म्हणणारा डॉक्टर आपल्याला आळशी वाटतो. खरं तर त्याने त्या पाच मिनिटांत आपला स्कोअर काढलेला असतो.

एक टेस्ट मात्र आपल्याकडे सर्रास होते आणि तिच्यामुळे भरपूर घोटाळा होतो. एएसओ टायटर. ही रक्ताची टेस्ट शरीराने स्ट्रेपविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी मोजते. त्या वाढायला आठवडाभर लागतो आणि तीन ते सहा आठवड्यांनी त्या शिखरावर असतात. म्हणजे ही टेस्ट गेल्या महिन्याचा लॉग दाखवते, आत्ता काय चाललंय ते नाही. आज दुखणाऱ्या घशासाठी तिचा उपयोग नाही. ऱ्हुमॅटिक फीव्हरची शंका असेल तेव्हा ‘मागे स्ट्रेप होऊन गेला का’ हे बघायला ती कामाची. नुसता एएसओ वाढला म्हणून कुणी तुम्हाला ‘वाताचा आजार’ चिकटवला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

तीन दिवस थांबायचं नाही, लगेच जायचं, ते कधी?

हा भाग सेव्ह करून ठेवा:

- श्वास घेताना त्रास होतोय किंवा श्वासाला घरघर आवाज येतोय.
- लाळही गिळता येत नाही, ती बाहेर गळतेय.
- तोंड पूर्ण उघडत नाही, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतोय, दुखणं एकाच बाजूला. टॉन्सिलच्या मागे पू झालेला असू शकतो.
- गळ्याला एका बाजूने सूज, आणि हुडहुडी भरून ताप. तरुणांमध्ये फ्युझोबॅक्टेरियम नावाचा वेगळाच बॅक्टेरिया असं करू शकतो. सेंटॉर यांनी पुढची बरीच वर्षं याच धोक्याबद्दल लिहिलं. त्यांचं म्हणणं सोपं आहे: साधा घसा तीन ते पाच दिवसांत सुधारतो. सुधारण्याऐवजी बिघडत चालला, तर तो साधा नाही.
- घशात राखाडी, चिकटून बसलेला पडदा. ही घटसर्पाची खूण असू शकते, आणि घटसर्प आपल्याकडून गेलेला नाही.
- अंगावर वाळूच्या कागदासारखं खरखरीत लाल पुरळ, जीभ स्ट्रॉबेरीसारखी. हा स्ट्रेपचाच एक प्रकार, स्कार्लेट फीव्हर.
- घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजणं, धाप लागणं, किंवा लघवी चहासारखी लाल होणं. तेव्हा डॉक्टरांना ‘मागे घसा दुखला होता’ हे आवर्जून सांगा. ते स्वतःहून ओळखतीलच असं धरू नका.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगायचं?

चांगला बग रिपोर्ट जसा लिहितो तसं. कधी सुरू झालं, तारीख. ताप मोजला असेल तर आकडा, ‘कणकण’ नाही. खोकला-सर्दी आहे की नाही. घरात किंवा शाळेत, ऑफिसात कोणाला असंच झालंय का. आधी काही गोळी घेतली असेल तर ती कुठली, अगदी एकच का असेना. कुठल्या औषधाची ॲलर्जी. आणि घरात कुणाला हृदयाच्या झडपेचा आजार किंवा दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे का.

मग एक प्रश्न विचारा: “डॉक्टर, हे व्हायरल वाटतं की बॅक्टेरियल? आणि कशावरून?” माझा अनुभव असा की हा प्रश्न ऐकून चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट खुर्चीत जरा पुढे सरकून बोलायला लागतो.

आणि तोपर्यंत? आराम, भरपूर पाणी, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, डॉक्टरांनी सांगितलेली तापाची गोळी. आजीचं हळद-दूधही चालेल, त्याने घशाला बरं वाटतं आणि आजीलाही. स्ट्रेप निघाला आणि अँटिबायोटिक सुरू झालं, तर साधारण एक दिवसात दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. तोवर घरी बसा, ग्लास वेगळा ठेवा.

आजच्यासाठी एवढंच. घशाचे फोटो कृपया मला पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा. घरात शाळेत जाणारं भावंड किंवा भाचरू असेल तर लक्षणांची ती यादी मात्र त्यांच्या आईबाबांना नक्की फॉरवर्ड करा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!